टायगरराव, जरा बसावं

माझ्या साडूंइतका निरुपयोगी सभ्य माणूस अख्ख्या माळव्यात दुसरा झाला नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या आजोबांकडे म्हणे दरबारात पाहुण्यांच्या सरबराईचं खातं होतं. पुढे संस्थान गेलं, दरबार गेला, खातंही गेलं, पण ही बातमी साडूंपर्यंत कुणी पोचवली नव्हती. अन्नपूर्णा भागातल्या त्यांच्या घरात सरबराई चालूच होती. मीटर बघायला वीज मंडळाचा माणूस आला की आधी पोहे, मग मीटर. पत्ता विचारायला कुणी थांबला तर आधी पाणी, मग पत्ता, आणि तोही बहुतेक चुकीचा. कुणाला अरे-तुरे करणं त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं. स्वतःच्या मुलीला ती रांगत होती तेव्हापासून 'आपण' म्हणत आले. कचेरीत साहेब होते, तर शिपायाकडे फाइल मागताना म्हणायचे, "आपको फुरसत हो तो." शिपायाला साडू निवृत्त होईपर्यंत फुरसत झाली नाही.

एकदा राजवाड्याजवळ एका रिक्षानं त्यांच्या स्कूटरला मागून ठोकलं. हे रस्त्यावर पडल्या पडल्या रिक्षावाल्याला विचारतात, "आपको कहीं लगी तो नहीं?" रिक्षावाला पार हादरला. त्याला वाटलं मार डोक्याला बसलाय, आणि त्यानं यांना उचलून थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनाही तसंच वाटलं. त्यांनी एक रात्र ठेवून घेतलं. सकाळी साडूंनी घरून सगळ्या वॉर्डासाठी पोहे मागवले.

मी स्वतः हेडमास्तर होतो. माझा आवाज शेजारच्या शाळेतल्या मुलांनाही शिस्त लावायचा असं लोक म्हणत, आणि मला ते आवडायचं. तेव्हा आम्हा दोघांचं का जमलं असेल याचा अंदाज येईल. मला हसायला कुणीतरी हवं होतं आणि साडूंना पाहुणा.

तर अशा या माणसानं म्हातारपणी एका कुत्र्याला शिस्त लावायचं मनावर घेतलं. कुत्रा त्यांनी आणलेला नव्हता. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू बदली होऊन गेले आणि जाताना पंखे, ट्यूबलाइट, पडद्यांच्या दांड्या, सगळं काढून नेलं. विसरले तेवढा कुत्रा. तपकिरी, वासराएवढा, चांगला पाच वर्षांचा घोडा, आणि शिक्षण शून्य. माणूस दिसला की पुढचे दोन्ही पाय त्याच्या छातीवर टाकून तोंड चाटायचं, एवढी एकच विद्या. दूधवाला त्याच्यामुळे दोनदा दुधानं न्हाला. त्याचं नाव टायगर. आपल्या दारी आलेल्याला नुसतं टायगर म्हणणं साडूंना बरं वाटेना, म्हणून दुसऱ्या दिवसापासून तो टायगरराव झाला.

साडूंच्या पत्नीला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताई माझ्या सासरच्या, म्हणजे स्पष्ट बोलणाऱ्या घराण्यातल्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन भोपाळला मुलीकडे व्हायचं होतं आणि महिनाभर तिथंच राहायचं होतं. निघताना त्यांनी आमच्या सगळ्यांसमोर सांगितलं, "अहो, मी परत येईन तेव्हा हा अंगावर उडाला तर माझा नवा गुडघा गेलाच समजा. तोवर शिकवा. नाही जमलं तर त्याची सोय दुसरीकडे." ही दुसरीकडची सोय मी करून ठेवली होती. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं गौतमपुऱ्याला शेत आहे, त्याला राखणीला कुत्रा हवा होता. दिवसरात्र साखळीला राहील, खाऊन-पिऊन मजेत, असं मी म्हणालो. साखळी हा शब्द साडूंना लागला. संध्याकाळभर त्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजावं.

मग खजराना भागातून एक ट्रेनर ठरवला. डोळ्यांना काळा चष्मा, गळ्यात शिट्टी, पँटीला जिथे बघाल तिथे खिसे. आल्या आल्या त्यानं तत्त्वज्ञान सांगितलं. "अंकलजी, कमांड मतलब कमांड. एक वर्ड. सिट. ये ऑर्डर है, अर्जी नहीं." साडूंनी फार मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "बिलकुल सही. आप बैठिए ना." ट्रेनर बसला. पोहे आले, वर शेव, वर जिरावणाचा मसाला. मग जिलबी आली. त्या दिवशीच्या वर्गात सांगितल्याबरोबर बसणारा प्राणी एकच निघाला, तो म्हणजे ट्रेनर. टायगरराव उभे राहून त्याच्या ताटलीचा अभ्यास करत होते.

दुसरं तत्त्व असं होतं की कुत्र्यानं आधी काम करायचं, मग त्याला खाऊ द्यायचा. "पहले बैठेगा, फिर खाएगा." हे मात्र साडूंच्या पचनी पडेना. उपाशी पोटी कुणाला काम सांगायचं म्हणजे त्यांच्या आजोबांचा अपमान. "हमारे यहाँ उलटा है," ते कसनुसं हसून म्हणाले. म्हणून शिकवणी नेहमी नाश्त्यानंतर. भरल्या पोटाचे टायगरराव अंगणात आडवे, समोर साडू हातावर फुटाणे घेऊन उभे. "टायगरराव, जरा बसावं. आपली हरकत नसेल तर." टायगररावांची हरकत असायची. ट्रेनर कपाळाला हात लावायचा. "अंकलजी, थोडा गुस्सा लाओ." साडू प्रामाणिकपणे राग आणण्याचा प्रयत्न करायचे. त्यात त्यांचा चेहरा असा व्हायचा की टायगरराव उठून काळजीनं त्यांचे हात चाटायचे. मी ओट्यावर बसून हे सगळं बघायचो, आणि घरी जाऊन बायकोला नक्कल करून दाखवायचो.

नाश्त्याचा प्रकार त्याहून विनोदी. पाहुणा बसल्याशिवाय ताट मांडायचं नाही, ही त्या घरातली जुनी रीत, आणि बसा म्हणायचं ते हात जोडून. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत गल्लीतून गेली की साडू टायगररावांची वाटी घेऊन अंगणात यायचे, वाटी स्टुलावर ठेवायचे आणि दोन्ही हात जोडून उभे राहायचे. टायगरराव उड्या मारायचे, छातीवर यायचे, सदरा फाडायचे. साडू हलायचे नाहीत, बोलायचे नाहीत. पाहुण्याची वाट बघण्यात बोलायचं काय? कधीतरी दमून टायगरराव बूड टेकायचे, मग वाटी खाली यायची. मी एकदा विचारलं, "आरती चालली आहे का?" तर म्हणाले, "नाही हो, ते स्थिरस्थावर होतायत." याला आमच्यापैकी कुणीही शिकवणी म्हटलं नाही. साडूंनीही नाही. शिकवणी नंतर असायची, आणि ती रोज नापास.

ताई परत यायच्या दिवशी मी, ट्रेनर, शेजारीपाजारी, सगळे अंगणात जमलो. भोपाळची गाडी दाराशी लागली. ताई वॉकर धरून फाटकातून आत आल्या, आणि त्यांचा आवाज ऐकताच टायगररावांनी ट्रेनरच्या हातातून पट्टा सोडवला. ट्रेनर शिट्टी फुंकत "नो, नो" करत मागे धावला. मी माझ्या ठेवणीतल्या आवाजात "बस" म्हणून ओरडलो. त्या आवाजानं एक शेजारी खरोखर खाली बसला. कुत्रा सुसाट ताईंच्या दिशेनं. आणि आमचे साडू जागचे न हलता म्हणाले, "टायगरराव, असं करू नये."

हा किस्सा मी इथंच संपवतो. म्हणजे आजवर संपवत आलो. लग्नांत, मुंजीत, डोहाळजेवणात मी तो सांगितला आहे आणि या वाक्यावर प्रत्येक वेळी लोक पोट धरून हसले आहेत. कुत्रा पुढे घरातच राहिला हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो ताईंच्या दयेवर राहिला, असं ऐकणारे आपलं आपणच ठरवतात. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. साडू समोर असले तर तेही हसायचे आणि एखाद्याला विचारायचे, "आपण जेवलात ना?"

खरी गोष्ट त्यापुढे आहे. ते वाक्य म्हणून झाल्यावर साडूंनी हात जोडले. कुत्र्याला, ताईंना की देवाला, मला सांगता येणार नाही. टायगरराव ताईंच्या वॉकरपासून हातभरावर थांबले. त्यांनी मान वळवून त्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं आणि बसले. शेपटीनं अंगण झाडत, पण बसलेले. ट्रेनरच्या तोंडातून शिट्टी पडली.

ताईंनी वॉकरवर भार देऊन त्याच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "याला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," साडू ओशाळून म्हणाले. "त्यांना वाटलं, नाश्ता आहे."

आणि त्याच वेळी त्यांना गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली जीप दिसली. गौतमपुऱ्याची जीप, मागे साखळी. निकाल काय लागणार हे मला आधीच माहीत असल्यामुळे मी ती कुणालाही न सांगता बोलावून ठेवली होती. साडूंनी जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आज हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी अरे म्हणणार. ते जीपकडे गेले आणि माझ्या विद्यार्थ्याला म्हणाले, "आप इतनी दूर से आए हैं। बिना पोहे खाए नहीं जाना।" जीप कुणी बोलावली, हे त्यांनी मला त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही कधी विचारलं नाही. शेवट सांगायचा तर जीप सांगावी लागते, म्हणून मी शेवट कापत आलो.

साडू गेल्या थंडीत गेले. तेराव्याला एका भाच्यानं हाच किस्सा सांगितला, माझ्या आवाजात, माझ्या हातवाऱ्यांसह, मी थांबतो तिथेच थांबून. सगळे हसले. ताई कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होत्या. त्या स्पष्ट बोलणाऱ्या घराण्यातल्या. काहीच बोलल्या नाहीत.

ताईंना आता वाकून वाटी ठेवता येत नाही, म्हणून सकाळी मी जातो. पहिल्या दिवशी मी सवयीप्रमाणे "बस" म्हणालो. टायगररावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी एकेकाळी उशिरा येणाऱ्या मास्तरांकडे पाहायचो. गल्लीत कुणी नाही हे बघून घेतलं, वाटी स्टुलावर ठेवली आणि हात जोडले.

तेही आता म्हातारे झालेत. मागचे पाय दुखतात, बसायला वेळ लागतो. कचरागाडी गाणं वाजवत पुढच्या गल्लीत निघून जाते, वाटीतले पोहे गार होतात, आणि मी हात जोडून उभा असतो. त्यांना म्हणतो, सावकाश.