खंडेनवमीच्या आदल्या दिवशीचा अपग्रेड

"कांबळे, इंदापूर दिसत नाहीये," दिवेकर साहेब म्हणाले आणि मी खांद्यावर घेतलेली पिशवी परत टेबलावर ठेवली.

पिशवीत प्रवासाचे कपडे होते. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. आईला नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचं मी दरवर्षी कबूल करायचो आणि दरवर्षी कुणाचा तरी कॉम्प्युटर आडवा यायचा. या खेपेला तिकिटं काढली होती. वस्तीतली मंडळी जीपनं दौंडला जाणार, आई त्यांच्यासोबत, आणि मी ऑफिसातून परस्पर स्टेशनवर. संध्याकाळची गाडी होती.

इंदापूर दिसत नाही म्हणजे काय, ते सांगतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीत आमची छोटी कॉम्प्युटर फर्म होती आणि एका दूध संघाचं काम आमच्याकडे होतं. संघाच्या इंदापूरच्या केंद्रावर एक कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला मोडेम. मोडेम म्हणजे फोनच्या तारेवरून दोन कॉम्प्युटरांची गाठ घालून देणारी डबी. मी बारामतीतून नंबर फिरवला की ती डबी आपोआप फोन उचलायची आणि इंदापूरचा स्क्रीन जसाच्या तसा माझ्यासमोर उघडायचा. सकाळी कुठल्या गावाचं दूध किती आलं, फॅट किती लागली, हे त्यावरून संघाच्या बारामतीच्या ऑफिसला कळायचं आणि मग टँकर कुठं पाठवायचे ते ठरायचं. दसऱ्याला घरोघरी श्रीखंड, त्यामुळे त्या दिवशी संघाचे लोक आमच्या डोक्यावरच बसले होते.

साहेबांनी आदल्याच दिवशी इंदापूरला जाऊन त्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन टाकलं होतं. "सण होऊ द्या, मग टाकू," असं मी म्हणालो होतो. पण नवीन सीडी आली की साहेबांना दम निघायचा नाही. टाकल्यावर त्यांनी तिथूनच मला सांगितलं होतं, कनेक्ट करून बघ. मी केलं. स्क्रीन झकास दिसला होता.

आणि आज हे. मी नंबर फिरवला. तिकडच्या डबीनं फोन उचलला, खरखर झाली, कनेक्ट झालं. मग काहीच नाही. थोडा वेळ काळी चौकट, आणि कनेक्शन तुटलं. परत केलं, परत तुटलं. आमच्याकडचा मोडेम बदलला, केबल बदलली, आमचा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. ढिम्म.

केंद्रावर फोनची लाइन एकच. म्हणजे कॉम्प्युटर बोलत असला की माणसाला बोलता येत नाही, आणि मी फोन केला तर तो डबीच उचलणार. शेवटी मी मोडेमचा नाद सोडला आणि तिथले ऑपरेटर तात्या आपणहून फोन करतील याची वाट बघितली. त्यांनी केला.

"तात्या, मशीन चालू आहे का?"

"हाय की. झ्याक चालू हाय."

"कुणी कशाला हात लावलाय का?"

"छ्या! आज कोन हात लावंल?"

मला बरंच वाटलं. शिस्तीचा माणूस. "नाहीतर असं करा," मी म्हणालो, "सकाळचे आकडे मला फोनवर वाचून दाखवा."

"त्ये मशिनीत हायती. उद्या सांजच्याला बगू," तात्या म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

साहेब शेजारीच उभे होते. "जाऊन ये. इंदापूर काय लांब आहे?"

"साहेब, आई दौंडला थांबणार आहे."

"तिथून भिगवणवरून दौंड. वाटेवरच आहे की तुझ्या."

दुसऱ्याला पाठवताना सगळी गावं वाटेवरच असतात. मी तणतणत स्टँडवर गेलो. एसटीला झेंडूचे हार, बोनेटवर नारळ फोडलेला. खंडेनवमी होती ना, सगळ्या हत्यारांची, अवजारांची, यंत्रांची पूजा. ड्रायव्हर-कंडक्टर पेढे वाटत होते. गाडी वेळेवर सुटायचा प्रश्नच नव्हता.

केंद्रावर पोचलो. कॉम्प्युटरच्या खोलीत उदबत्तीचा वास कोंडलेला. मॉनिटरला हार, कीबोर्डवर फुलं, मोडेमला हळदकुंकू. तात्या बाजूला खुर्ची टाकून बसलेले. मी इंदापूरच्या स्टँडवरून साहेबांना फोन करून सांगून ठेवलं होतं, की थोड्या थोड्या वेळानं नंबर फिरवत राहा. तेवढ्यात त्यांचा कॉल आलाच. डबी खरखरली आणि स्क्रीनच्या मधोमध एक चौकोन आला. बारामतीहून कुणीतरी हा कॉम्प्युटर बघू मागतंय, बघू द्यायचं का? येस, नो. आम्ही दोघं बघत राहिलो. थोड्या वेळानं चौकोन गेला आणि फोन कट.

"तात्या! हे सकाळपासून येतंय?"

"येतंय की. इचारतंय, इचारतंय, आन् जातंय."

"मग येस का दाबलं नाही?"

"सकाळचं आकडं टाकलं आन् मग पूजा केली. पूजलेल्या मशिनीला हात लावायचा नसतो, साहेब. उद्या शिलंगण झालं की दाबतो."

सिक्युरिटीसाठी नवीन व्हर्जनमध्ये हा प्रश्न घातला होता. समोर बसलेल्या माणसानं होकार दिल्याशिवाय बाहेरच्याला आत घ्यायचं नाही. काल माझं कनेक्शन लगेच लागलं, कारण साहेब स्वतः इथं बसून येस दाबत होते. हे मला सांगावं असं त्यांना वाटलं नव्हतं. माझं डोकं फिरलं. हा प्रश्न कायमचा बंद करता येत होता, पण फक्त याच कॉम्प्युटरवर बसून. मी हात पुढे केला. तात्या आडवे आले.

"तात्या, मी बौद्ध आहे. मला चालतं."

"तुमाला चालंल वो. मशिनीला चालाय नगो?"

"अहो, मी आलो त्या एसटीची पण पूजा झालीय. ती चाललीच ना?"

"ती सरकारी हाय."

मी खुर्चीत बसलो आणि वैतागून सगळं सांगून टाकलं. आई, दौंड, दीक्षाभूमी, इतकी वर्षं दिलेल्या थापा. तात्या ऐकत होते. मग उठले, हार काढून देवाच्या फोटोला घातला, मशिनीला हात जोडून पुटपुटले, "माफी कर बाई, ह्येच्या आयेसाठी." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आदी बोलायचं न्हाय व्हय? बसा."

सेटिंग चहा निवायच्या आत बदलून झालं. साहेबांचा पुढचा कॉल आला, स्क्रीन बारामतीत उघडला, आकडे गेले. माझी पाठ वळतेय तोवर फोन वाजला. डबीनं घ्यायच्या आत मी उचलला. साहेब. "बघ, किती सोपं होतं. येस तर कुणीही दाबेल." मी रिसीव्हर ठेवला आणि स्टँड गाठला.

भिगवणला एसटी टायरसाठी थांबली. पुढं मी मासळीच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून दौंडला पोचलो. गाडी गेली होती. आई गेली होती, माझं तिकीट तिच्याच बटव्यात. मासळीच्या वासाच्या शर्टानं मी त्या रिकाम्या प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो आणि मला रडूच आलं. स्वतःचा, साहेबांचा, त्या चौकोनाचा, सगळ्यांचा राग आला.

दसऱ्याच्या आठवड्यात अपग्रेड करायचा नाही, असा नियम साहेबांनी नंतर केला. तो त्यांचाच असल्यासारखा ते नवीन पोरांना सांगायचे. मी माझा एक त्यात घातला: नवीन व्हर्जन तपासायचं तर टाकणाऱ्या माणसाला आधी खोलीबाहेर काढा.

आई परत आली ती उन्हानं रापलेली आणि खूश. मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाली, "आरं, तुझ्यासाठी थांबले आस्ते तर याबी साली न्हाय झालं आस्तं." पुढच्या वर्षी मी रजा आधीच मंजूर करून घेतली आणि मोठ्या रुबाबात घरी सांगितलं. तिनं वस्तीतल्या बायकांबरोबर तिकीट कधीच काढलं होतं. "याचं आसंल तर ये," ती म्हणाली. "पन आमच्या डब्यात जागा न्हाय."