मावशीचं संत्रा आईस्क्रीम

माझ्या मोठ्या बहिणीच्या साक्षगंधाला नवऱ्या मुलाचे काका पुण्याहून आले होते. माणूस वाईट नव्हता, पण बोलताना समोरच्याला काय वाटेल याचा विचार करत नसे. चहा झाला, लग्नाच्या जेवणाचं बोलणं निघालं. वडील म्हणाले, ‘‘बुंदी करू, मठ्ठा करू.’’

काका हसले. ‘‘बुंदी काय, सगळेच देतात. आमच्याकडे हल्ली लग्नात आईस्क्रीम असतं. पण ते तुमच्याकडून व्हायचं नाही, राहू द्या.’’

वडील गिरणीत कामाला. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत त्या दिवशी पंचवीस माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि सगळ्यांनी ते ऐकलं. वडिलांनी मान खाली घातली. तेवढ्यात आतून मावशी पदराला हात पुसत बाहेर आली.

‘‘देऊ ना,’’ ती म्हणाली. ‘‘आईस्क्रीम देऊ. घरी करू. अन् संत्र्याचं करू.’’

ही माझ्या आईची मोठी बहीण. पारशिवनीकडच्या खेड्यातली. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच राहायची आणि सिव्हिल लाइन्समधल्या एका बड्या साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाक करायची. उन्हाळ्यात दर रविवारी तिथे आईस्क्रीमचा पॉट निघे. दूध आटवायचं मावशीनं, बर्फ फोडायचा मावशीनं, दांडा फिरवायचा तोही मावशीनंच. ‘‘चव पाहाले चमचाभर भेटे,’’ ती सांगायची, ‘‘वाटी कधी भेटली नाही.’’

पाहुणे गेले आणि आई तिच्यावर उखडली. ‘‘काहून बोलली वं तू? अडीचशे माणूस येईन. तुले जमन का?’’

‘‘हात आहेत, दूध आहे, बर्फ आहे. काहून नाही जमन?’’

खरी अडचण वेगळीच होती. बंगल्यावर नेहमी व्हेनिलाच व्हायचं. संत्र्याचं आईस्क्रीम मावशीनं जन्मात केलेलं नव्हतं. पुढच्या रविवारी तिनं बिछायत केंद्रातून एक पॉट भाड्यानं आणला. लाकडी बादली, मधे डबा, डब्यात फिरणारा पंखा. तिनं आटवलेल्या दुधात संत्र्याचा रस ओतला आणि बघता बघता सगळं दूध फाटलं. त्याच्या पुढच्या रविवारी तिनं रस आधी उकळून घेतला. तो कडू झाला.

‘‘बाटलीतला इसेन्स टाक अन् मोकळी हो,’’ आई म्हणाली.

‘‘नागपूरचं लगन अन् बाटलीतलं संत्रं?’’ मावशी इतक्या जोरात बोलली की शेजारीण डोकावली.

मग ती कडू झालेल्या रसाचं पातेलं पुढ्यात घेऊन बराच वेळ बसून राहिली. मी विचारलं, ‘‘काय करतेस?’’ म्हणाली, ‘‘विचार करून राहिली.’’

तिसऱ्या वेळी तिनं दूध आटवून पार थंड केलं. पॉटमध्ये नुसतं दूधच फिरवलं. दांडा जड व्हायला लागला, तेव्हा झाकण उघडलं आणि पापुद्रे, बिया काढलेल्या, साखरेत घोळून बर्फात ठेवलेल्या फोडी आत सोडल्या. रस टिपून घेतलेला. पुन्हा झाकण लावलं. मी आणि ती आळीपाळीनं फिरवत राहिलो. उघडलं तर पांढऱ्याशुभ्र आईस्क्रीममध्ये केशरी तुकडे, आणि फाटल्याचं नावही नाही.

मावशीनं स्टीलची वाटी काठोकाठ भरली. मला वाटलं, आईला देईल. ती स्वतःच पाटावर बसली आणि सगळी वाटी संपवली. सगळ्यांच्या आधी जेवताना मी तिला त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ‘‘जमलं,’’ ती म्हणाली. ‘‘आता तुम्ही घ्या.’’

लग्न मार्चमध्ये होतं. विहारासमोरच्या मैदानात मांडव. हातगाडीवरून भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या आल्या. पोत्यात घालून मोगरीनं फोडल्या, खडा मीठ पसरलं, आणि कनातीमागे चार पॉट सुरू झाले. एका पॉटवर मी होते. बादलीला वरच्या बाजूला भोक असतं, त्यातून बर्फाचं खारं पाणी वाहून जायला हवं. ते भोक मोकळं ठेवायचं, एवढं मावशीनं मला तीनदा बजावलं होतं. पण बुद्धवंदना सुरू झाली आणि पांढऱ्या साडीतल्या बहिणीला बघायला मी पळाले. परत आले तेव्हा भोकात मीठ अडकलेलं आणि पाणी झाकणावर चढलेलं.

मावशीनं चमचा जिभेला लावला. ‘‘खारट.’’

मी रडायला लागले. तिनं पूर्ण पॉट मातीत ओतला.

‘‘रडू नको वं. चहाचं दूध कुठं आहे?’’

‘‘पण मग पाहुण्यांना चहा?’’

‘‘चहा नाही भेटला त कोणी मरत नाही. चूल पेटव.’’

पंगती बसल्या तरी आमचा चौथा पॉट फिरतच होता. माझ्या तळहातांना फोड आले, पण मी कोणाला दांडा दिला नाही. शेवटची पंगत उठायच्या आत तो तयार झाला, आणि मावशीच्या मते चारांत तोच उत्तम जमला होता.

काकांनी पहिली वाटी खाल्ली. दुसरी मागितली. तिसरी संपवून त्यांनी वडिलांना विचारलं, ‘‘कुठल्या दुकानातून मागवलंत?’’

वडील एवढ्या मोठ्यानं बोलले की पंगतभर ऐकू गेलं. ‘‘दुकानातून कशाले? आमच्या घरच्या बाईनं केलं. या, दाखवतो.’’

कनातीमागे मावशी ओल्या साडीत, पोत्यावर बसली होती. काकांनी हात जोडले. ‘‘बाई, त्या दिवशी मी फार बोललो. असं आईस्क्रीम मी पुण्यातसुद्धा खाल्लेलं नाही.’’

मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं हसली. ‘‘वाटी आणा गा भाऊ, अजून आहे.’’

मांडवात बायकांनी तिला गराडा घातला. दोघींनी तिथल्या तिथे आपल्या मुलींच्या लग्नाचं आईस्क्रीम सांगून टाकलं. मे महिन्यात मावशीनं बंगल्यावरचं काम सोडलं. संत्री नसतील तेव्हा ती आंब्याचं करी, दिवाळीनंतर सीताफळाचं. पॉट चाराचे आठ झाले, आणि दांडा फिरवायला वस्तीतल्या सहा बायका तिच्या हाताखाली आल्या. आमच्यात लग्नाला मुहूर्त बघत नाहीत. पण ऐंशी साल उजाडेपर्यंत आमच्या वस्तीत मावशीची तारीख विचारल्याशिवाय कोणी लग्न ठरवेनासं झालं होतं.