खोकणारा मापारी

मापारी 'एक' म्हणत नाही. पहिली पायली ओतताना तो 'लाभ' म्हणतो, मग दोन, तीन, चार. आणि पुढची पायली पडेपर्यंत आधीचा आकडा तोंडात घोळवत राहतो, म्हणजे शेतकरीही ऐकतो आणि व्यापारीही. मध्येच आवाज तुटला की संशय आलाच. कल्याणच्या बंदरावर गोविंदा हेच काम करायचा. आगगाडी सुरू होऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. काम बापाकडून आलेलं, आवाजही बापाचाच.

वयाची बावीस वर्षं उलटली आणि त्याला दम लागू लागला. भाताची धूळ उडाली की छाती घरघरायची, आकडा अर्ध्यावर अडायचा. थोरला भाऊ क्षयाने गेलेला. त्यामुळे खोकल्याची उबळ ओसरली की हा धोतराच्या सोग्यात थुंकून रक्त आहे का बघायचा. नसायचं. तरी पुढच्या उबळीला पुन्हा बघायचाच. वैद्याने नाडी पाहिली, अडुळशाचा काढा दिला आणि निदान स्वतःपाशी ठेवलं. बायको गोदा पाठ चोळत म्हणायची, "थोडे दिवस घरी बसा." बसायचं कसं? क्षयी मापाऱ्याने मोजलेलं धान्य कोण घेणार? म्हणून गोविंदा खोकला गिळायला शिकला. दिवसभर मोजण्यापेक्षा त्यानेच तो जास्त थकायचा.

पौषात बाळकुमचा धाकू होडीतून भात घेऊन आला. मोजणी निम्म्यावर आली आणि गोविंदाला ढास लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला, मग "सत्तावीस" म्हणून त्याने पुढचं माप उचललं.

"अठ्ठावीस व्हतं," धाकू म्हणाला. "येक पायली गिललीस तू."

धान्याचे व्यापारी गोपीनाथशेठ गादीवरून उठले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? भात इथंच आहे. पुन्हा मोज, गोविंदा."

माप बरोबर होतं, हे गोविंदाला पक्कं ठाऊक होतं. पण पुन्हा लाभापासून सुरुवात करण्याइतका श्वास त्याच्यात उरला नव्हता. गप्प बसावं तर चोर, बोलावं तर रोगी. तो पोत्याला टेकून खाली बसला.

"नाही जमणार मला, शेठ. दम लागतो. थोरल्याचंच दुखणं असावं."

मग काळुराम नावाच्या दुसऱ्या मापाऱ्याने भात मोजलं. कुठेच फरक निघाला नाही. धाकू खजील झाला. "माप खरा हाय. मी उगीच बोललो रं," म्हणाला, आणि बोलता बोलता त्याने आपला पाण्याचा तांब्या जवळ ओढून घेतला.

"तुझ्यावर भरवसा आहे माझा," शेठ म्हणाले. "पण लोक खातात हे धान्य. उद्यापासून येऊ नकोस."

खरोखर आकडे गिळणारे मापारी त्या बाजारात होते, सगळ्यांना माहीत होते, आणि त्यांचं बरं चाललं होतं. मला अजून या गोष्टीचा राग येतो.

गोविंदा दुपारीच घरी आलेला पाहून गोदा घाबरली. "काय झालं?"

"एकाने चोर म्हटलं मला. भात पुन्हा मोजायला लावलं."

"मग?"

"माप खरं निघालं."

गोदाचा जीव भांड्यात पडला. "बघा, मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली. "आता उद्या ताठ मानेने जा कामाला."