एदलशेठच्या गाडीची चार तोंडं

त्या दिवशी सकाळपासून पान हलत नव्हतं. पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं होतं. समुद्राकडचा वारा मसोलीपर्यंत यायलाही कंटाळला होता, आणि तिथल्या आमच्या गॅरेजच्या पत्र्याखाली माणूस नुसता बसला तरी वाफेवर उकडून निघत होता. अशा दिवशी टेम्पोच्या मागे दोरखंडाने बांधून एदलशेठची गाडी आली.

गॅरेजात किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. कोपऱ्यातल्या डब्यात सुटे नटबोल्ट साचतात, तसे ते साचतात. पण या एका गाडीने आमचा अख्खा डबा भरला. सावकाश सांगतो. मला घाईने सांगता येत नाही.

एदलशेठ म्हणजे घोलवडचे चिकूवाडीवाले इराणी. वय माझ्याएवढं, म्हणजे उठताना गुडघे बोलतात ते. त्यांची गाडी जुनी, पाठीला कासवासारखा बाक, इंजिन मागे डिकीत. त्या इंजिनात पाणी नाही, ते हवेवर थंड होतं. बरीच वर्षं ती शेडमध्ये गोणपाटाखाली झोपून होती. पण शेड फ्रेनीबाईंना हवी होती. फ्रेनीबाई म्हणजे शेठच्या मंडळी. चिकूचा सीझन तोंडावर आला होता आणि खोकी ठेवायला जागा नव्हती. तलासरीला हायवेवर एक हॉटेलवाला आहे, त्याने गाडी मागितली होती. चालवायला नाही. हॉटेलसमोर चौथऱ्यावर ठेवून, पुढच्या बॉनेटमध्ये माती भरून बोगनवेल लावायला!

शेठने हातापाया पडून एक संधी मागून घेतली. फ्रेनीबाईंनी अट घातली, "मला उदवाड्याला अग्यारीत नेऊन परत आण. रस्त्यात मला उतरून धक्का मारायला लागला, तर दुसऱ्या दिवशी टेम्पो आणि बोगनवेल."

* * *

आमचा गॅरेजवाला प्रकाश. माझा पुतण्या, डिप्लोमा केलेला. तो म्हणाला, जुना कार्बोरेटर काढून टाकू, चार थ्रॉटल बॉडी लावू.

थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात हवा जायचं दार. आत एक गोल पत्रा असतो, त्याला फुलपाखरू म्हणतात. अॅक्सिलरेटर दाबला की ते उघडतं. या गाडीला सिलिंडर चार, आणि चौघांत मिळून एकच कार्बोरेटर होता. आता प्रत्येकाला आपापलं दार, त्यावर हवा ओढायला आपापला भोंगा, आणि पेट्रोल किती द्यायचं ते काँप्युटर ठरवणार. मी आपला म्हणालो, म्हणजे चार भावांच्या चार चुली झाल्या.

प्रकाश म्हणाला, "बरोबर, काका. आणि चौघांना सारखंच वाढायचं, नाहीतर भांडणं."

कामाला लागलो तर बघायला गर्दी. येणारा प्रत्येक जण डिकीत डोकावून एकच विचारायचा, पाणी कुठे घालतात? चिंचणीचा एक तांडेल बोटीचं इंजिन घेऊन आला होता, त्याचा तर विश्वासच बसेना. समुद्रात असून त्याचं इंजिन पाण्याशिवाय राहात नाही, आणि ही जमिनीवर बिनपाण्याची. शेठने अभिमानाने सांगितलं, हवा खाऊन थंड होते.

तांडेल म्हणाला, "माझा जावई पण दिवसभर हवाच खातो. पण त्याला असं टेम्पोला बांधून कोणी आणत नाही."

* * *

सगळं बसलं. वायरी जोडल्या. प्रकाशने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि स्टार्टर मारायला सांगितला. इंजिन उठलं आणि गॅरेजात काळोख झाला. एवढा काळा धूर! बाजूच्या भजीवाल्याने कढई उचलून पळ काढला. शेठ खोकतायत, मी खोकतोय, आणि प्रकाश धुरातून पडद्याकडे बघत बसलेला.

झालं होतं असं, की इंजिनाचा ताप मोजणाऱ्या सेन्सरची वायर निसटली होती. वायर नसली की काँप्युटर धरून चालतो की शून्याच्या खाली चाळीस डिग्री थंडी आहे. त्या बिचाऱ्याने इंजिन गारठू नये म्हणून पेट्रोल नुसतं ओतलं. इथे आमचे बनियन पिळून घ्यायची वेळ, आणि तो समजतोय आम्ही बर्फात उभे आहोत.

प्रकाशने हे समजावून सांगितलं. शेठ शांतपणे म्हणाले, "मग एवढा पैसा कशाला घातला, दीकरा? फ्रेनीचा एक स्वेटर आणला असता."

* * *

आता नारळाचं ऐकाच.

आमच्या गॅरेजची रीत आहे. मोठं काम झालं की पहिल्या फेरीआधी नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी इंजिनावर शिंपडायचं. ट्रॅक्टर असो, बोट असो, रीत चुकलेली नाही. शिंपडायचा मान वयामुळे माझा. आजवर कुठल्या इंजिनाने तक्रार केली नाही, कारण त्यांची तोंडं झाकलेली असायची.

या इंजिनाला चार तोंडं, चारही वर आ करून बसलेली.

मी डोळे मिटून, मनापासून, चारही कोपऱ्यांना पाणी दिलं. प्रकाश ओरडेपर्यंत तीर्थ पोहोचलं होतं! चालू केलं तर इंजिनाला ठसका लागला, आणि वास असा सुटला की कोणीतरी करंज्यांचं सारण करपवलंय. दुसऱ्या दिवशी फुलपाखरं चिकटून बसली. नारळाचं पाणी गोड, सुकलं की खळच. सगळं उघडून, पुसून, परत बसवलं. मग प्रकाशने देवाच्या फोटोशेजारी पाटी लावली: 'नारळ फक्त टायरवर.'

* * *

भोंगे उघडे राहून चालणार नाही, हे त्यावरून सगळ्यांना पटलं. धूळ आहे, माशा आहेत, आणि मीही आहे. फिल्टर कुरियरने यायचे होते, ते काही येईनात. शेठ दुसऱ्या दिवशी खिशातून चार चहाच्या गाळण्या काढून उभे राहिले. स्टीलच्या, दांड्या कापलेल्या. भोंग्यांवर अशा बसल्या की मापाने बनवल्यासारख्या.

दुपारी रिक्षा थांबली. फ्रेनीबाई उतरल्या, हातात चहाचा थर्मास. त्या दिवशी घरी चहा फडक्याने गाळला होता म्हणे. त्यांनी डिकीत पाहिलं. एकेक गाळणी ओळखली, ही आईने दिलेली, ही नवसारीची. मग आईने दिलेली तेवढी उचलली, पदराला पुसली, पिशवीत टाकली.

शेठ म्हणाले, "अगं, एक तोंड उघडं राहिलं."

"तुझं पण राहिलंय," म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

पण थर्मास ठेवून गेल्या. चहा चांगला होता. फडक्याचा वास येत होता थोडा.

* * *

चार चुलींना सारखं वाढायचं काम सगळ्यात नाजूक. प्रत्येक भोंग्यात हवा सारखी शिरली पाहिजे. ती मोजायचं यंत्र असतं, पण जुन्या पद्धतीत रबरी नळीचं एक टोक भोंग्याशी, दुसरं कानाशी, आणि सू सू आवाज ऐकायचा. चारही सू सारखे आले की झालं. माझे कान आता तेवढे राहिले नाहीत. प्रकाशच्या यंत्रावर शेठचा विश्वास नाही.

शेठला एकदम सुचलं. तलासरीकडच्या पाड्यावरचे एक बाबा आहेत, उत्तम तारपा वाजवतात. भोपळ्याच्या वाद्यात उभं आयुष्य हवा फुंकलेला माणूस, त्याच्यासारखा कान कोणाचा? शेठने रिक्षा पाठवून आणलं. बाबांनी पायातल्या चपला काढल्या, नळी कानाला लावली, डोळे मिटले. चारही भोंगे ऐकले. परत पहिल्यापासून ऐकले. आम्ही श्वास धरून.

बाबा म्हणाले, "मला चारी चांगले वाटतात. नाच कधी हाय?"

शेवटी यंत्रानेच जुळवलं. सकाळी जुळवलं, दुपारी बिघडलं. परत जुळवलं, परत तेच. गाडी उभी असली तरी इंजिन आपोआप घोंघावायला लागायचं. प्रकाशने पुष्कळ व्हिडिओ पाहिले तेव्हा कळलं, की हे इंजिन तापलं की अंगाने फुगतं. दोन बाजू एकमेकींपासून सरकतात, मधला जोडदांडा मात्र होता तेवढाच, मग तो फुलपाखरं ओढतो. म्हणून गाडी तापवून, गरमच असताना जुळवायची. आम्ही तसं केलं. सगळ्यांच्या बोटांना फोड आले.

शेठ फुंकर मारत म्हणाले, "फ्रेनीचं पण असंच आहे. थंड असताना सगळं जुळलेलं असतं."

* * *

मग तो रविवार आला. फिल्टर एकदाचे आले होते, लागलेही होते. धक्का लागलाच तर, म्हणून फ्रेनीबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळचा टेम्पो आधीच सांगून ठेवला होता. हॉटेलवाल्याने चौथरा बांधून ठेवला होता, आणि रोपं आणली होती हे येणारे-जाणारे सांगत होते.

शेठ चालवायला, फ्रेनीबाई शेजारी, मागे मी आणि प्रकाश. माझ्या पाठीलाच इंजिन. घोलवडहून निघालो. शेठ दर चढाला स्टिअरिंग घट्ट धरायचे, जसं काय स्वतःच ओढतायत. तलासरीला हायवे लागला. गाडी ट्रकांच्या मधून सुरसुर पळत होती. उदवाड्याला पोहोचलो. बाई अग्यारीत जाऊन आल्या. आम्ही दोघे बाहेर इंजिनाकडे बघत उभे, ते बंद होतं तरी. शेठही आत गेले होते. त्यांनी आत काय मागितलं ते विचारायची गरज नव्हती.

परत निघालो. चालू झाली. प्रकाशने माझा हात दाबला.

तलासरीच्या अलीकडे हॉटेलवाला रस्त्याच्या कडेलाच उभा. चौथऱ्यावर गाडी कशी बसेल, म्हणून मापं घ्यायची होती त्याला. त्याने हात केला. शेठने समोर बघत राहायचं ठरवलं. तो स्कूटर काढून मागे लागला, एका हातात टेप. मी मागच्या काचेतून बघतोय, टेप सुटून वाऱ्यावर लांब फडफडतेय, आणि तो बापडा ओरडतोय, शेठ, फक्त लांबी, फक्त लांबी!

शेठने अॅक्सिलरेटर दाबला. चारही तोंडं एकदम उघडली. आमच्या पाठीमागे जो आवाज निघाला, तो मी गॅरेजात कधी ऐकला नव्हता. स्कूटर लहान झाली, मग ठिपका झाली, मग दिसेना.

फ्रेनीबाईंनी मान वळवून मागे पाहिलं. माझ्याकडे नाही, इंजिनाकडे. मग परत पुढे बघायला लागल्या.

घोलवडला घरासमोर गाडी थांबली. धक्का लागला नव्हता, कोणी उतरलं नव्हतं. शेठ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले, निकालाची वाट बघत. बाई उतरल्या, साडी नीट केली, म्हणाल्या, "टेम्पोवाल्याला फोन कर. सांग, सकाळी लवकर नको, उशिरा ये."

एवढंच. शेठचा चेहरा उतरला. उशिरा का होईना, टेम्पो येणारच म्हणजे. शेठने चावी खुंटीला अडकवली आणि शेडचं दार नुसतं लोटून घेतलं.

मी घोलवडलाच राहतो, स्टेशनच्या अंगाला. सोमवारी सकाळी ओट्यावर बसून दात घासत होतो. आज गॅरेजात जायलाच नको, असं मनात चाललं होतं. शेजारची सुनंदा बोर्डीहून ताजी मासळी घेऊन परत आली. टोपली खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं, आणि म्हणाली,

"दामूकाका, तुमची ती फ्रेनीबाई पहाटेच एकटी गाडी घेऊन समुद्राच्या रस्त्याने दोनदा गेली, टेम्पो रिकामाच परत जाईल म्हणून मला ओरडून सांगत. शेठ मागून सायकलवर होते, पायजम्यावर."