तिरपी बसलेली चकती

भिंगकाकूंचा हात थरथरतो, हे फक्त त्यांच्या धाकट्या बहिणीला ठाऊक होतं. "ताई, कामावर सांगून टाक," ती म्हणायची. "सांगते गं," म्हणता म्हणता चार महिने उलटले.

तेवीस वर्षं काकू प्रयोगशाळेत क्ष-किरणांची भिंगं बसवत होत्या. हे किरण काचेला जुमानत नाहीत, सरळ आरपार जातात. त्यांना एका बिंदूवर आणायला सोन्याच्या अतिसूक्ष्म कड्यांची चकती लागते. तीही इतक्या पातळ पापुद्र्यावर, की नुसत्या फुंकरीनं फाटावी.

त्या दिवशी क्ष-किरणांचं यंत्र एका संशोधक बाईंना मिळालं होतं, संध्याकाळी पाचपर्यंतच. पुढची पाळी आठ महिन्यांनी. बॅटरीच्या भुकटीतल्या एका कणाला आतून तडा कुठे जातो, ते त्यांना बघायचं होतं. पण पडद्यावरचं चित्र एका बाजूला ओघळल्यासारखं दिसत होतं.

"पंपाचे हादरे असतील," बाई म्हणाल्या. पंप बंद केला, पाया तपासला. दुपारचे दोन वाजले तरी चित्र तसंच.

काकूंना सकाळीच कळलं होतं. सांगायचं मात्र त्या टाळत होत्या. बाई पंपवाल्याला फोनवर फैलावर घेऊ लागल्या, तेव्हा काकूंना राहवलं नाही.

"त्याला बोलू नका. चकती तिरपी बसलीय. मीच बसवलीय."

"तुम्ही? अहो, तुमचा हात तर इतका स्थिर..."

काकूंनी हात पुढे धरला. बोटं थरथरत होती.

"दुसरी चकती?"

"गेल्या आठवड्यात फाटली. तीही माझ्याच हातून."

काकूंनी यंत्रशाळेतल्या फिटरला बोलावलं. त्याला सगळे पैलवान म्हणत.

"काकू, मी नट पिळणारा माणूस! माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"हात तुझा, डोळे माझे. श्वास सोड आणि मगच हलव."

किरण बंद करून यंत्राच्या कोठीचं दार उघडलं. चिमटा चकतीच्या कडेला लागला.

"डावीकडे. केसभर. अरे केसभर म्हटलं, बोटभर नाही!"

पापुद्रा शहारला. बाईंनी डोळे मिटले. पैलवानाच्या कपाळावरून घामाचा थेंब निघाला, तो काकूंनी पदरानं वरच्यावर टिपला.

"थांब. आता सोड."

साडेतीनला किरण पुन्हा सुरू झाले. पडद्यावर कण उमटला आणि त्याच्या पोटातून गेलेली, दोन फाटे फुटलेली चीर लख्ख दिसली. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. तेवढा वेळ होता कुठे?

पाचला निम्मीच चित्रं हाती होती. सामान आवरताना बाई म्हणाल्या, "सकाळीच सांगितलं असतंत तर सगळी झाली असती."

"हो," काकू म्हणाल्या.

तिथून त्या थेट साहेबांच्या खोलीत गेल्या आणि काही न लपवता सगळं सांगितलं. चिमटा त्यांच्याकडून गेला, तो पैलवानाकडे आला. त्या रात्री काकू जेवल्या नाहीत. सोमवारी मात्र वेळेवर येऊन त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आधी नखं काप."