ताणलेल्या नकाशाचं विमान

छापलेल्या गोष्टीवर आमच्या घरमालक काकांइतका विश्वास ठेवणारा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही. पत्रिकेत लग्नाची जी वेळ छापलेली असेल त्या मिनिटाला ते मांडवात हजर असायचे. पत्रिकेतली वेळ ही फक्त पत्रिकेसाठी असते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. घाटनांदूरच्या एका लग्नाला ते पोचले तेव्हा मांडववाले अजून खांब उभे करत होते. त्यांनी यांनाच एक खांब धरायला लावला. नवरदेव पारावरून आला तोवर काकांच्या मुठीतल्या अक्षतांचा भात व्हायचाच काय तो बाकी होता. बसस्थानकाच्या भिंतीवर रंगवलेल्या वेळापत्रकातली एक गाडी बंद होऊन कैक वर्षं झाली होती, पण ती बंद झाली असं भिंतीवर लिहिलेलं नसल्यामुळे काका तिची वाट बघत बसत. "बोर्डावर हाय ना? मग येईल," असं ते शांतपणे सांगायचे. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचून त्यातले सगळे दुष्परिणाम ते छापलेल्या क्रमाने भोगत. काकू म्हणायच्या, "कागदावर 'मेला' असं छापून दिलं तर हे तिरडी बांधायला बसतील."

अंबाजोगाईत त्यांच्या माडीवरच्या खोलीत मी कॉलेजसाठी राहायला आलो आणि नोकरी लागल्यावरही तिथंच राहिलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. माझं पदवीचं प्रमाणपत्र आलं तेव्हा वडील सिरसाळ्याकडून मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून ते बघायला आले. त्यांना वाचता येत नाही. काकांनी ते प्रमाणपत्र दोन्ही हातांत धरून वरपासून खालपर्यंत, शिक्क्यातल्या गोल अक्षरांसकट मोठ्याने वाचून दाखवलं. वडिलांनी डोक्याचा रुमाल काढून उभ्याने ऐकलं. त्या दिवसापासून काका मला 'पदवीधर' म्हणू लागले. त्यांच्या तोंडून ते ऐकताना आपण खरोखरच काहीतरी झालो आहोत असं वाटायचं.

काकांचा हा स्वभाव नोकरीतून आला होता. सरकारी कचेरीत ते नकाशे ट्रेस करत. साहेबाने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड पसरायचं आणि खालची रेघ दिसेल तशी शाईने वर उतरवायची. बहुतेक नकाशे कालव्यांचे. त्यांच्या हाताखालून कालव्यांची किती वळणं गेली असतील, देव जाणे. पण घाट लागला की त्यांना मळमळायचं, म्हणून जागेवर जाणाऱ्या जीपमध्ये त्यांना कुणी घेत नसे. नकाशा जायचा, काका टेबलाशी राहायचे. ते निवृत्त झाल्यावर मी एकदा विचारलं की आता सवड आहे, तर एखादा कालवा बघून का येत नाही. बराच वेळ पानाला चुना लावत बसले आणि मग म्हणाले, "आन् तिथं काहीच नसलं तर?" पुढे त्यांनी विषय बदलला. आपण मारलेली रेघ जमिनीवर कधी उतरली की नाही हे त्यांना बघायचंही होतं आणि बघायची भीतीही वाटत होती.

त्यांच्या पुण्याच्या भाच्याला रिमोटवर उडणाऱ्या विमानांचा नाद आहे. त्याने एका मोठ्या लाकडी ग्लायडरचा, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचा नकाशा मामांना मोबाइलवर पाठवला. नकाशा दिसला आणि काकांचे डोळे चमकले. इथं नकाशाही होता आणि त्यावरून वस्तू करायला कुणी जीपमधून जाणार नव्हतं. पूर्ण मापाचा कागद हवा म्हणून ते बाजारातल्या फ्लेक्सवाल्या भाईकडे गेले आणि वाढदिवसाच्या बॅनरसारखा लांबलचक नकाशा गुंडाळून घेऊन आले. कडेने झेंडूच्या माळांची नक्षी होती आणि कोपऱ्यात 'शुभेच्छुक' असंही आलं होतं. पुढचे कितीतरी महिने दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. हलकं बाल्सा लाकूड पार्सलने यायचं, त्याच्या फासळ्या कापायच्या, नकाशावर टाचण्यांनी बसवायच्या, डिंक वाळेपर्यंत कुणी पंखा लावायचा नाही. लाकडाचा कणा पंखाच्या लांबीला पुरेना, तेव्हा काकांनी बांबूच्या कामट्या तासून जोड दिला. फासळ्यांमधली भोकं गोल असायच्या ऐवजी अंड्यासारखी दिसत होती. मी तसं म्हणालो, तर मान वर न करता उत्तर आलं, "नकाशात हाय ना पदवीधर, म्हणजे काही विचार करूनच असंल." वरून प्लॅस्टिकची पातळ फिल्म तापवून चिकटवायला काकूंची इस्त्री गेली. काकू चुरगळलेल्या साडीत हळदीकुंकवाला जाऊन आल्या आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला त्यांनी सांगितलं, "आमच्याकडं सध्या इमानाला इस्त्री चालू हाय."

पंख जोडून झाले. हौसेने फोटो भाच्याला पाठवला, आणि लगेच त्याचा फोन आला. मामा, हे पंख एवढे लांब कसे? नकाशा छापताना ताणला गेलाय, लांबी वाढली, रुंदी तेवढीच राहिली. शेजारी आकडे लिहिले होते, ते वाचले नाहीत का? काकांनी आकडे वाचले नव्हते. त्यांच्या कचेरीत आकडे घालणारा माणूस वेगळा असायचा. भाचा म्हणाला की हे उडेलही कदाचित, पण असल्या पंखांनी गरकन वळवलं की मधून मोडणार.

काका तडक फ्लेक्सवाल्याकडे गेले, मी मागोमाग. भाईला यात काहीच वावगं वाटलं नाही. "काका, दोन्ही बाजूला लई मोकळं दिसत होतं, म्हून जरा वढलं. बड्डेच्या बॅनरला बी असंच करतो. मानूस रुंद दिसला की खूश होतो बे," असं तो शेजारच्या कारागिराकडे बघून म्हणाला. काका तसेच परत फिरले. काही दिवस त्यांनी छापलेल्या कशालाही हात लावला नाही. वर्तमानपत्रही घडी न मोडता पडून राहिलं. इतक्या वर्षांत कागदाने त्यांना पहिल्यांदाच तोंडावर पाडलं होतं. काकूंना ते बघवेना. एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "दोन्हीकडून थोडं थोडं कापा की. कोन बघायला येतंय?" काका म्हणाले, "न्हाई. रेघ खोटी निघाली तरी पंख खरे हायेत."

मग आम्ही धारूरच्या बाजूला गेलो, जिथं डोंगर एकदम संपतो आणि खालच्या मैदानातला वारा उतारावरून वर चढतो. टेम्पोत काका लिंबू हुंगत पुढे बसले होते. काकूंनी विमानाच्या नाकाला हळदकुंकू लावलं आणि मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "सायकल वळवता आली न्हाई जन्मात, आन् आता हे वळवनार." मी विमान डोक्यावर धरून कड्याकडे पळालो आणि वाऱ्यात सोडून दिलं. ते थोडं खाली गेलं, आणि मग कुणीतरी खालून हात दिल्यासारखं वर आलं. लांब पंखांची टोकं धनुष्यासारखी वर वाकली होती. ते सरळ मैदानाच्या दिशेने निघालं. त्याला परत आणायचं तर वळवणं भाग होतं आणि वळवलं तर मोडण्याची भीती. मी म्हणालो, काका, वळवा आता. त्यांनी ऐकलंच नाही असं मला वाटलं. विमान घारीएवढं दिसू लागलं. काकूंनी पदर तोंडाशी नेला.

पण काका वळवत होतेच, फक्त ते कळत नव्हतं. त्यांचा अंगठा रिमोटवर इतका हळू सरकत होता की तो जागचा हललाय असंही वाटू नये. असं वळण विमानाला कुणी दिलं नसेल. घाईच नव्हती त्याला. एका गावावरून सुरू झालेलं ते वळण दुसऱ्या गावावरून गेलं, पंख तसेच वाकलेले राहिले, मोडले नाहीत, आणि मोठा फेर घेऊन विमान आमच्याकडे तोंड करून आलं. ते डोक्यावरून गेलं तेव्हा वारा चिरल्याचा बारीक आवाज आला. मागच्या ज्वारीच्या धसकटांत ते घासत उतरलं. पोटाची फिल्म फाटली, बाकी सगळं धड होतं. काकू देवाचं नाव घेत तिकडे गेल्या.

काका मात्र रिमोट धरून तिथंच उभे होते. मान अजून वरच, जिथून विमान येऊन गेलं होतं तिकडे. तसंच वर बघत त्यांनी मला विचारलं, "पदवीधर, तुमच्या गावाकडं कालवा हाय म्हनं. त्यातलं पानी असंच वळतं का?"

त्या कालव्याच्या वळणावर मी लहानपणी वडिलांबरोबर मेंढरं पाजली आहेत. तो काकांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी आहे की नाही, मला ठाऊक नाही. वर्षातले बरेच दिवस तो कोरडाच असतो.

"येतं तेव्हा असंच वळतं, काका," मी म्हणालो.

"हां," ते म्हणाले, आणि खिशातला रुमाल काढून कोरडाच रिमोट पुसत राहिले.