इवाओ न्हाव्याचा नवस

ताकामात्सुच्या बंदराकडून मासळीबाजाराला जाणाऱ्या गल्लीत इवाओ माकिनोचं केशकर्तनालय होतं. खुर्च्या दोन, पण एक कायमची मोडलेली. तिच्यावर जुनी वर्तमानपत्रं. कोपऱ्यात रेडिओ, आणि आरशाच्या वर पेलिकन्सचा निळा तिकोनी झेंडा.

पेलिकन्स म्हणजे गावाची बेसबॉलची टीम. सहा टीमांच्या लीगमध्ये ती बहुतेक वर्षी सहावी यायची, फारच झालं तर पाचवी. ज्या दिवशी पहिलं येण्याची कागदावरचीही आशा संपे, त्या दिवशी इवाओ स्टुलावर चढून झेंडा भिंतीकडे तोंड करून लावी. वसंतातल्या पहिल्या सामन्याच्या सकाळी तो पुन्हा सुलटा होई. बाजारातली माणसं त्यावरून ऋतू ओळखत.

"झेंडा फिरला रे, आता शरदातली काकी-फळं पिकतील," मासळीवाला ओगाता म्हणायचा.

"फळं हिरवी आहेत अजून."

"मग यंदा टीमच लवकर पिकली!"

इवाओ हसायचा नाही. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर दोनदा जास्त ओढायचा, आणि ओगाता गप्प व्हायचा.

बेसबॉलचं वेड वडिलांकडून आलेलं. वडील फेरीबोटीवर कामाला होते. सुटी मिळाली की दोन्ही मुलांना घेऊन स्टेडियमच्या उजव्या बाजूच्या स्वस्त बाकांवर जाऊन बसत आणि घसा बसेपर्यंत ओरडत. इवाओ मोठा, कुनिहिको चार वर्षांनी धाकटा. वडील ओरडायचे, इवाओ ढोल बडवायचा आणि कुनी रडायचा, कारण पेलिकन्स हरायचे. पुढे इवाओने वस्तरा हातात धरला आणि कुनी छपाईयंत्रांच्या कंपनीत टोकियोला गेला. वडिलांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला तो आला, तेव्हा जेवताना सहज बोलून गेला, की आता आपण टोकियोच्या टीमचे झालो.

"कशाचा झालास?" इवाओने भांडं खाली ठेवलं.

"अरे दादा, जिंकणाऱ्यांच्या बाजूला बसून बघ एकदा. जेवण पचतं. तुझे पेलिकन्स पहिले येतील तेव्हा सूर्य पश्चिमेला उगवेल."

"येतील. आणि येतील त्या वर्षी तुझ्या घरी येऊन साके पिईन. तोवर तुझा उंबरा ओलांडणार नाही."

सगळे हसले. पण इवाओ तसाच उठला, कोपऱ्यावरच्या इनारीच्या देवळात गेला आणि दोनदा टाळी वाजवून देवाला हेच सांगून आला. रागात बोललेला शब्द हवेत विरतो. देवासमोर बोलला की त्याचा नवस होतो. तेव्हा समुद्रावर पूलही नव्हता. पुढे पूल झाला, त्यावरून गाडी धावू लागली, टोकियो एका दिवसाच्या आत आलं. इवाओ गेला नाही. कुनीला मुलगी झाली तेव्हा नाही, त्या मुलीच्या लग्नालाही नाही. कुनीही हट्टीच. नवऱ्यांचं बोलणं बायका फोनवर पोचवत राहिल्या, आणि ते बोलणं फक्त बेसबॉलचं असे.

मग एका वर्षी फेब्रुवारीत, संघ सरावाला दक्षिणेला गेलेले असताना, कुनीच्या बायकोचा, नोबुएचा फोन आला. कुनीच्या स्वादुपिंडात गाठ होती. डॉक्टर शरद ऋतूपलीकडचं काही बोलत नव्हते.

इवाओची बायको तोकुको हुंदका दाबत उभी होती. इवाओने फोन घेतला. पलीकडे कुनीच होता.

"दादा, एक सांगून ठेवतो. दया म्हणून येऊ नकोस. नवस मोडून आलास तर आतून कडी लावून घेईन."

"कोण येतंय नवस मोडून? यंदा जिंकूनच येतो."

"ये बाबा. साके थंड करून ठेवतो."

फोन ठेवल्यावर इवाओ बराच वेळ रिकाम्या खुर्चीचं पितळ पुसत राहिला. आणि त्याच्या मनाने एक गाठ मारली, जी पुढे त्यालाच सुटेना. पेलिकन्स पहिले आले तर कुनी जगेल. नवस मोडला तर दोन्ही जातील. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, पण तोकुकोला न सांगता कळलं.

आणि नवल असं, की पेलिकन्स जिंकू लागले.

हामुरा नावाचा एक डावखुरा पिचर आला होता, गालावर मुरुमं असलेला पोरगा. त्याच्या चेंडूला समोरचे बॅट लावूच शकत नव्हते. एप्रिल गेला, मे गेला, पेलिकन्स पहिल्या नंबरावर. बाजारात मासे सोडून दुसरंच बोलणं. ओगाता रोज दाढीला येऊ लागला, दाढी नसली तरी.

"इवाओसान, डबा भरायला घ्या! टोकियोची तिकिटं महाग होण्याआधी काढा!"

"गप्प बस, नजर लावशील."

"मेल्याहून मेली टीम उठून बसली, तिला माझी नजर काय लागणार?"

तोकुकोने इवाओचा काळा सूट बाहेर काढून उन्हात टाकला. सामना संपला की कुनीचा फोन येई, रुग्णालयाच्या व्हरांड्यातून.

"दादा, हरले का?"

"जिंकले! पाच-एक!"

"अरेरे."

"अरेरे काय? लाज नाही वाटत?"

"आणि काल?"

"कालही जिंकले. हामुराने अकरा जणांना बॅट हलवत परत पाठवलं."

"बरं. उद्या हरतील."

इवाओ फोन आपटायचा. "बघितलंस? गादीवर पडलाय, पण जीभ कशी चालते!" पण त्या रात्री तो दोन घास जास्त जेवायचा. भाऊ टोमणे मारतोय म्हणजे भाऊ धडधाकट आहे.

पावसाळी दिवस आले आणि हामुराचं कोपर गेलं. उरलेला हंगाम तो खेळणार नाही असं वर्तमानपत्रात एका चौकटीत आलं. पेलिकन्स दुसऱ्या नंबरावर घसरले, मग तिसऱ्या. फोनवर आता नोबुएच असे.

"भाऊजी, हे विचारतायत, हरले का?"

"सांग त्याला, हरले. खूश हो म्हणावं."

जुलैच्या शेवटी तोकुकोने इवाओपुढे उदोनचा, जाड शेवयांच्या रश्शाचा वाडगा ठेवला आणि शेजारीच बसली. ती अशी बसली की काहीतरी बोलणार हे ठरलेलं.

"अहो, उद्या जा ना. पूल ओलांडला की झालं. देवाने काही तुमच्याकडे मागितलं नव्हतं."

"तिसऱ्या नंबरावर आहेत अजून."

"मी टीमचं बोलत नाहीये."

"मीही नाही बोलत," इवाओ म्हणाला आणि वाडग्यात तोंड घातलं.

ती म्हणाली म्हणून तो इनारीच्या पुजाऱ्याकडे मात्र गेला. पुजारी झाडू मारत होते. ऐकून हसले. "माकिनोसान, देव असले हिशेब ठेवत नाही हो. जाऊन या भावाला भेटून."

"तुमचा देव ठेवत नसेल," इवाओ म्हणाला. "मी ठेवतो." आणि परत येऊन रेडिओ लावला.

ऑगस्टमधल्या एका सामन्याला तो आणि ओगाता त्याच स्वस्त बाकांवर बसले होते. पेलिकन्स एका धावेने पुढे, शेवटचा डाव, शेवटचा गडी. चेंडू उंच उडाला, साधा, लहान पोराने झेलावा असा. ढोल थांबले, कर्णे थांबले. क्षेत्ररक्षक खाली उभा राहिला, हात वर केले, आणि चेंडू हातमोज्याच्या कडेला लागून गवतावर पडला. समोरच्यांच्या दोन धावा झाल्या. ओगाताने आपली बिअर इवाओसमोर धरली. इवाओने ती पाहिलीच नाही. तो ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होता. ओगाताला वाटलं शिवी असेल. ते भावाचं नाव होतं.

सप्टेंबरच्या एका रविवारी दुपारी इवाओ ओगाताची दाढी करत होता आणि रेडिओवर सामना चालू होता. पेलिकन्स हरले. तिकडे टोकियोची टीम जिंकली. निवेदकाने शांत आवाजात सांगितलं, की पेलिकन्सची पहिलं येण्याची शक्यता आता गणितातही उरलेली नाही. ओगाताच्या अर्ध्या गालावर फेस होता. इवाओने उरलेला गाल नीट पूर्ण केला, गरम टॉवेलने पुसला, मानेवर पावडर मारली. मग स्टुलावर चढून झेंडा फिरवला.

खाली उतरल्यावर तो जरा वेळ तिथेच उभा राहिला, ओझं उतरवलेल्या हमालासारखा. ज्या आशेसाठी नवस पाळायचा तीच गेली होती; आता मोडण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आता जाता येत होतं.

"तोकुको," त्याने आत हाक मारली, "सूट काढ."

सकाळच्या पहिल्या गाडीने तो निघाला. वस्तरा, पट्टा आणि ब्रश रुमालात गुंडाळून घेतले होते. पुलावरून जाताना खाली लहान बेटं आणि मासेमारीच्या होड्या दिसत होत्या; एवढी वर्षं हे असंच खाली होतं. ओकायामाला गाडी बदलली. डबा उघडलाच नाही.

रुग्णालयाच्या दाराशी नोबुए उभी होती. लग्नात पाहिलेली मुलगी, आता केस पांढरे. तिने खूप खाली वाकून नमस्कार केला आणि वाकलेलीच राहिली.

"भाऊजी, शनिवारपासून उठले नाहीत ते."

कुनी पलंगावर होता. गाल आत गेलेले, तोंडावर प्राणवायूची नळी, आणि हनुवटीवर पांढरे खुंट. इवाओला आधी वाटलं आपण चुकीच्या खोलीत आलो. मग त्याने कान पाहिले. कान वडिलांचेच होते.

"मला कळवायचं नाही का?"

"कळवू देत नव्हते. म्हणायचे, दादा जिंकत असताना येणार नाही, त्याला हरू दे." नोबुए पलंगाचा दांडा धरून बोलत होती. "एप्रिलपासून हेच चाललंय. तुमचे जिंकले की यांना जेवण जायचं नाही. म्हणायचे, एवढी वर्षं हरले आणि दादाच्या टीमने ही कुठली वेळ शोधली जिंकायला! हरले की त्याच्याकडे सबब उरणार नाही, मग येईल. रोज विचारायचे ना, हरले का, हरले का."

इवाओ खाली स्टुलावर बसला.

"काल रेडिओ ऐकला आणि मी कानात सांगितलं यांच्या. हरले, आता भाऊजी येतील. ऐकलं की नाही, काय माहीत."

इवाओने वस्तऱ्याचा रुमाल सोडला. "गरम पाणी मिळेल का?"

परिचारिका दारातून पाहून म्हणाली, जपून करा हं. त्याने नळी जराशी बाजूला धरली, ब्रशने फेस लावला. कातडी इतकी सैल झाली होती, की दोन बोटांनी ताणावी लागत होती. लहानपणी कुनीच्या ओठांवर पहिली लव आली, तेव्हा तीही त्यानेच काढली होती, वडिलांच्या वस्तऱ्याने, आणि कुनी ओरडला होता की दादा मला मारतोय. आता हनुवटीखाली वस्तरा गेला तेव्हा ओठाचा एक कोपरा हलला. इवाओचा हात थांबला. पुन्हा हलला नाही. थंड पात्याने तसं होतं कधीकधी. हे त्याला चाळीस वर्षांच्या धंद्याने माहीत होतं.

संध्याकाळी त्याने उशाचा लहान रेडिओ लावला. योगायोगाने पेलिकन्स त्याच शहरात, टोकियोच्या टीमशीच खेळत होते. सामन्याला काही अर्थ उरला नव्हता, तरी उजव्या बाजूला थोडे ढोल वाजत होते. गावाहून आलेली माणसं असावीत. इवाओने डाव संपेल तसा आकडा भावाच्या कानात सांगितला. सातव्या डावापर्यंत पेलिकन्स बरोबरीत होते. आठव्यात चार धावा गेल्या.

नोबुए खुर्चीत डुलकी घेत होती. तिने डोळे न उघडताच सवयीने विचारलं, "हरले का?"

"हरले," इवाओ म्हणाला.

मग तो पलंगावर वाकला. "हरले रे, कुनी," त्याने पुन्हा सांगितलं, वडील बाकांवर बसून ओरडायचे तशा मोठ्या आवाजात. परिचारिका धावत आली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. कुनीच्या नुकतीच दाढी केलेल्या गालावर हात ठेवून तो वाट पाहत राहिला, टोमण्याची.